हाफस्पेसला फसवायचं कसं: दहा हजार नाण्यांतून दहा लाख बिट्स

सात नाणी उडवा. छापा पडला तर +१, काटा पडला तर −१. बेरीज धन येण्याची शक्यता बरोबर अर्धी, कारण सात ही विषम संख्या आहे आणि बरोबरी होऊच शकत नाही.

आता सातऐवजी तीनच नाणी उडवा. त्यांना अ, ब, क म्हणू. उरलेल्या चार किमती गुणाकारांनी बनवा: अब, बक, अक आणि अबक. या सातांतली कुठलीही दोन उचला, ती एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र निघतात. वहीत आठ ओळी मांडून खात्री करून घ्या. तीन नाण्यांत सातांचं काम झालं, असं वाटतं ना? बेरीज करा. सातांची बेरीज म्हणजे (१+अ)(१+ब)(१+क) − १. तिन्ही छापे पडले तर ती ७, एरवी दर वेळी −१. म्हणजे ‘बहुमत छाप्याचं’ हे उत्तर अर्ध्याऐवजी फक्त आठातून एकदा येतं.

जोडी-जोडीने स्वतंत्र असलेले बिट्स साध्या बहुमतापुढे असे उघडे पडतात. या लेखात आपण असा जनरेटर बांधू, जो बहुमतच काय, कुठल्याही वजनदार मतदानापुढे टिकेल. बारावीची संभाव्यता आणि टेलर श्रेणी येत असेल तर पुरे आहे. शेजारी कागद हवाच.

पायरी १: फसवायचं कुणाला, ते नीट ठरवा

एखाद्या कंपनीच्या भागधारकांची सभा डोळ्यांसमोर आणा. न भागधारक आहेत, प्रत्येकाच्या मताला त्याच्या समभागांइतकं वजन आहे. प्रत्येक जण +१ किंवा −१ म्हणतो, वजनांनी गुणून बेरीज होते, आणि ती ठरलेल्या उंबरठ्यावर गेली तर ठराव मंजूर. गणितात या फलनाला हाफस्पेस म्हणतात, कारण एक सपाट प्रतल सगळ्या अवकाशाचे दोन भाग करतं आणि आपण कुठल्या भागात आहोत एवढंच ते सांगतं.

जनरेटर म्हणजे थोड्या खऱ्या यादृच्छिक बिट्सचं बीज घेऊन न बिट्स देणारी ठरलेली कृती. खऱ्या न नाण्यांवर ठराव मंजूर होण्याची शक्यता आणि आपल्या बिट्सवरची शक्यता यांतला फरक, वजनं आणि उंबरठा काहीही असले तरी, ठरलेल्या त्रुटीच्या आत राहिला, तर जनरेटरने हाफस्पेसला फसवलं.

‘काहीही असले तरी’ हे शब्द अधोरेखित करा. जनरेटरला वजनं आधी सांगायची नाहीत. वजनं वापरायची ती फक्त सिद्धतेत. नवशिक्यांची गल्लत इथे होते: ते वजनं पाहून बिट्स वाटायला लागतात आणि मग सिद्धता फार सोपी का झाली याचं आश्चर्य करतात.

पायरी २: वजनं मापात आणा आणि सगळ्यात मोठं वजन पाहा

सगळी वजनं एकाच संख्येने अशी भागा की त्यांच्या वर्गांची बेरीज १ होईल. उंबरठ्यालाही तेवढ्यानेच भागा, म्हणजे उत्तर बदलत नाही. आता बेरजेचा व्हेरियन्स १ झाला आणि ती घंटेच्या आकाराच्या प्रमाण गाउशियन वक्राशी ताडून पाहता येते.

हे ताडून पाहणं म्हणजेच इन्व्हेरियन्स, म्हणजे अविकार्यतेचं तत्त्व: ±१ ची नाणी काढून त्यांच्या जागी गाउशियन चल बसवले तरी उत्तराची शक्यता फारशी हलत नाही. सरळ बेरजेपुरतं हे जुनंच आहे. अँड्र्यू बेरी यांनी १९४१ मध्ये आणि कार्ल-गुस्ताव एसेन यांनी १९४२ मध्ये केंद्रीय सीमा प्रमेयातली (बऱ्याच स्वतंत्र चलांची बेरीज गाउशियनजवळ जाते, या प्रमेयातली) चूक मोजून दिली. आपल्या मापात ती सर्वांत मोठ्या वजनाच्या ०.५६ पटीपेक्षा जास्त नसते.

पडताळा घ्या. १०० समान मतं असतील तर प्रत्येक वजन ०.१, म्हणून हमी ०.०५६ ची. बेरीज बरोबर शून्य येण्याची शक्यता ०.०७९६ आहे, त्यामुळे बेरीज शून्य किंवा त्याखाली असण्याची शक्यता ०.५३९८ येते. गाउशियन म्हणतो ०.५. फरक ०.०४, हमीच्या आत, आणि हमी उगाच सैल नाही हेही दिसलं.

आता बिघडलेली उदाहरणं. एकाच भागधारकाकडे सगळं वजन असेल तर बेरीज +१ किंवा −१ एवढीच, तिथे घंटा कसली? दुसरं जास्त फसवं आहे: वजनं १/२, १/४, १/८ अशी निम्मी होत गेली तर बेरीज −१ ते +१ मध्ये एकसारखी पसरते. कितीही भागधारक जोडा, वक्र सपाट तो सपाटच. म्हणून पहिला प्रश्न कायम हाच: कुणा एकाचं मत फार जड आहे का? सगळी वजनं ठरलेल्या छोट्या मर्यादेखाली असतील तर त्या हाफस्पेसला रेग्युलर म्हणतात. आधी रेग्युलर निस्तरू, दांडगे भागधारक पायरी ६ मध्ये.

पायरी ३: एका वेळी एकच नाणं बदला

बेरी-एसेन तयार असताना सिद्धता पुन्हा कशाला? कारण पुढे पॉलिटोप (अनेक हाफस्पेसेसचा छेद) आले की ते प्रमेय जसंच्या तसं चालत नाही, पण त्यामागची एक युक्ती चालते. ती लिंडेबर्ग या फिनिश गणितज्ञाची, १९२२ ची. सगळी नाणी एकदम गाउशियन करू नका. पहिलं बदला, फरक मोजा, मग दुसरं, असे न फरक जमवा.

एका अदलाबदलीचा फरक टेलर श्रेणीने काढायचा. ±१ नाणं आणि प्रमाण गाउशियन यांची सरासरी ०, व्हेरियन्स १, तिसऱ्या घाताची सरासरी ० हे तिन्ही सारखं आहे. त्यामुळे श्रेणीतली पहिली चार पदं परस्परांना खाऊन टाकतात आणि फरक उरतो तो चौथ्या घाताचा, वजनाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. न फरकांची बेरीज म्हणजे वजनांच्या चौथ्या घातांची बेरीज. वर्गांची बेरीज १ असल्यामुळे ती सर्वांत मोठ्या वजनाच्या वर्गापेक्षा जास्त होत नाही.

अडचण एकच. टेलरला गुळगुळीत फलन लागतं आणि हाफस्पेस तर उंबरठ्यावर कड्यासारखा तुटतो. म्हणून कडा घासून छोट्या रुंदीचा उतार करा. उतार अरुंद ठेवला तर चौथा विकलज रुंदीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात फुगतो. रुंद ठेवला तर त्या पट्ट्यात बेरीज सापडण्याची शक्यता वाढते, गाउशियनसाठी रुंदीच्या सुमारे ०.४ पट. दोन्ही चुका सारख्या होतील अशी रुंदी निवडा: रुंदीचा पाचवा घात मोठ्या वजनाच्या वर्गाइतका. उत्तर बेरी-एसेनपेक्षा कच्चं येतं, हे मान्य. पण ‘अदलाबदल, घासणं, पट्ट्याचं वजन’ हे त्रिकूट जिथे तिथे उपयोगी पडतं. मोसेल, ओ’डॉनेल आणि ओलेश्केविच यांनी २००५ मध्ये जाहीर केलेलं बहुपदींसाठीचं इन्व्हेरियन्स तत्त्व याच सांगाड्यावर उभं आहे.

पायरी ४: बिट्स डब्यांत टाका

आता मुख्य कृती. रघू मेका आणि डेव्हिड झुकरमन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या जनरेटरचा हा गाभा आहे.

ट डबे घ्या. जोडी-जोडीने स्वतंत्र अशा हॅश फलनाने प्रत्येक क्रमांकाला एक डबा नेमून द्या. प्रत्येक डब्यासाठी स्वतंत्र बीज घेऊन चार-चारांत स्वतंत्र बिट्सची एक माळ काढा, म्हणजे कुठलेही चार बिट्स एकत्र पाहिले तर ते खऱ्या नाण्यांसारखेच दिसावेत. ज्या क्रमांकाचा जो डबा, त्या डब्याच्या माळेतला त्या क्रमांकाचा बिट उचला. संपलं.

हे का चालतं? डब्यांची बीजं वेगळी, म्हणून डब्यांच्या बेरजा एकमेकींपासून खरोखर स्वतंत्र आहेत. केंद्रीय सीमा प्रमेयाला तेवढंच हवं असतं, फक्त आता एकेक ‘मत’ म्हणजे एका डब्याची बेरीज. बेरी-एसेनच्या हमीत डब्यांच्या बेरजांच्या चौथ्या घाताची सरासरी लागते, आणि चारचा आकडा इथून येतो: चौथा घात उलगडला की एका पदात जास्तीत जास्त चार वेगळे बिट्स येतात. चार-चारांत स्वातंत्र्य असेल तर ही सरासरी खऱ्या नाण्यांएवढीच निघते आणि डब्याच्या व्हेरियन्सच्या वर्गाच्या तिप्पटीत राहते. सुरुवातीच्या सात बिट्सकडे परत जा. त्यांची सरासरी ०, व्हेरियन्स ७, दोन्ही बरोबर. चौथ्या घाताची सरासरी मात्र ३०१ येते, खऱ्या नाण्यांची १३३ असताना. लबाडी तिथे पकडली जाते.

उरलं ते डब्यांच्या व्हेरियन्सच्या वर्गांची बेरीज लहान आहे हे दाखवणं. कागदावर उलगडा. प्रत्येक वजन स्वतःशीच जुळतं त्या पदांची बेरीज मोठ्या वजनाच्या वर्गाच्या आत. दोन वेगळी वजनं एकाच डब्यात पडण्याची शक्यता १/ट, म्हणून त्या पदांची बेरीज सरासरीने १/ट च्या आत. म्हणजे एकूण: मोठ्या वजनाचा वर्ग अधिक १/ट. साऱ्या बांधकामाचा जीव या एका ओळीत आहे. बाकीचं विसरलात तरी चालेल, ही ओळ न बघता लिहिता आली पाहिजे.

हमी झाली ०.५६ × √(३ × (मोठ्या वजनाचा वर्ग + १/ट)).

आकडे घाला. न = १०,००,०००, वजनं समान, म्हणून प्रत्येक ०.००१. डबे १२८. कंसातली किंमत सुमारे ०.००७८, तिप्पट ०.०२३४, वर्गमूळ ०.१५३, हमी ०.०८६. खरी नाणीसुद्धा गाउशियनपासून ०.०००५६ इतकी दूर असू शकतात, तेही मिळवा, एकूण ०.०८७ च्या आत. बीज किती? २ चा विसावा घात १०,४८,५७६, म्हणून क्रमांकाला २० बिट्स पुरतात. हॅशला ४० बिट्स, प्रत्येक डब्याला ८०. एकूण ४० + १२८ × ८० = १०,२८०. दहा लाख नाण्यांचं काम दहा हजारांत. त्रुटी निम्मी हवी तर डबे चौपट, बीज ४१,०००. हा भाव जरा महागच आहे, पण पायरी ७ मध्ये त्यावर उतारा आहे.

पायरी ५: प्रोग्राम लिहा, पण इथे ठेच लागेल

चार-चारांत स्वातंत्र्यासाठी तीन घातांची बहुपदी घ्या: चार यादृच्छिक सहगुणक, चलाच्या जागी क्रमांक, आणि येणाऱ्या किमतीचा शेवटचा बिट. हॅशसाठी एका घाताची बहुपदी, शेवटचे सात बिट्स म्हणजे डब्याचा नंबर. अट एवढीच की बेरीज-गुणाकार २ च्या विसाव्या घाताइतके घटक असलेल्या सांत क्षेत्रात व्हायला हवेत. तिथे बेरीज म्हणजे एक्सॉर (दोन बिट्स सारखे तर ०, वेगळे तर १), गुणाकार हातचे न घेता, आणि शेवटी ‘क्ष चा विसावा घात + क्ष चा तिसरा घात + १’ या बहुपदीने भागून बाकी ठेवायची.

घाईत लोक संगणकाचा साधा गुणाकार करून २ च्या विसाव्या घाताने बाकी काढतात. प्रोग्राम चालतो, आकडे विस्कटलेले दिसतात, आणि सगळं चुकलेलं असतं. साध्या अंकगणितात शेवटचा बिट फक्त क्रमांक सम आहे की विषम एवढ्यावर ठरतो! म्हणजे डब्यातल्या हजारो बिट्समध्ये मुळात दोनच वेगळे बिट्स असतात. मीही एका संध्याकाळी बराच वेळ दुसरीकडेच दोष शोधत बसलो होतो.

तपासणीसाठी वेगवेगळ्या बीजांवर १०,००० फेऱ्या घ्या आणि ठराव किती वेळा मंजूर झाला ते मोजा. एवढ्या फेऱ्यांत मोजणीची स्वतःची डळमळ ०.००५ च्या आसपास असते, त्यामुळे त्याहून बारीक फरकावर वाद घालू नका. समान वजनांवर तपासून थांबूही नका. वजनं १, १/२, १/३, १/४ अशी उतरती घेऊन बघा, म्हणजे पुढची पायरी का लागते ते कळेल.

पायरी ६: दांडग्या भागधारकांची सोय

वजनं मोठ्याकडून लहानाकडे लावा. एकेक वजन बाजूला काढत जा आणि दर वेळी विचारा: आता उरलेल्यांत सर्वांत मोठं वजन, उरलेल्यांच्या एकूण मापाच्या (वर्गांच्या बेरजेच्या वर्गमूळाच्या) मानाने, छोटं झालं का? ज्या जागी ‘हो’ येतं तिला क्रिटिकल इंडेक्स म्हणतात. त्याआधीचं डोकं, नंतरची शेपटी.

डोकं छोटं असेल तर सोपं आहे. डोक्यातल्या मतांची एकेक शक्यता धरा, उंबरठा तेवढा सरकवा, शेपटी रेग्युलर आहे म्हणून पायरी ४ लागू करा. त्यासाठी डोक्याचे बिट्स ठरवल्यावरही डब्यांत चार-चारांचं स्वातंत्र्य उरलं पाहिजे. उपाय सरळ: डोक्याची लांबी ल पर्यंत असू शकते, तर डब्यांत (ल + ४)-स्वातंत्र्य ठेवा, म्हणजे बहुपदीचा घात वाढवा.

डोकं संपतच नसेल तर? समजा रेग्युलरपणाची मर्यादा ०.१ आहे. मग ‘नाही’ हे उत्तर येईल त्या प्रत्येक पायरीला उरलेला व्हेरियन्स किमान १ टक्क्याने घटतो. सुमारे ४५८ पायऱ्यांत तो शंभराव्या हिश्श्यावर येतो, आणखी तेवढ्याच पायऱ्यांत दहा हजाराव्या हिश्श्यावर. शेपटी इतकी केविलवाणी होते की ठरावाचा निकाल डोकंच लावून टाकतं. नेमकं कसं? डोक्यातून एकेका तिपटीने घटणारी वजनं वेचा. अशा म वजनांच्या सगळ्या बेरजा एकमेकींपासून किमान शेवटच्या वजनाइतक्या दूर असतात, म्हणून उंबरठ्याजवळच्या अरुंद पट्टीत त्यातली जास्तीत जास्त एकच मावते. बेरीज तिथे अडकण्याची शक्यता २ च्या म-व्या घातात एक. शेपटी तो पट्टा क्वचितच ओलांडते हे चेबिशेव्हची असमानता सांगते, आणि तिला जोडी-जोडीचं स्वातंत्र्य पुरतं.

डोकं-शेपटीची ही विभागणी रोको सर्व्हेडिओ यांच्या २००६ च्या कामातून आली. त्यानंतर डायकोनिकोलस, गोपालन, जयस्वाल, सर्व्हेडिओ आणि व्हिओला यांनी २००९ मध्ये दाखवलं की डबे नसले तरी चालतं: निव्वळ मर्यादित स्वातंत्र्यही सगळ्या हाफस्पेसेसना फसवतं, फक्त ते १/त्रुटी च्या वर्गाइतकं (वर थोडे लॉगचे गुणक) लागतं. सुंदर प्रमेय आहे, पण बीज वाचवायचं असेल तर डबेच बरे.

पायरी ७: बीज आणखी आटवा

१०,२८० बिट्सची सगळी बीजं पडताळून पाहणं विश्वाच्या अंतापर्यंत होणार नाही. नाणेफेक पूर्णपणे काढून टाकायची असेल तर बीज लॉग न च्या पातळीवर आणावं लागतं.

डब्यांची बीजं एकामागून एक वाचणारा आणि फक्त आतापर्यंतची बेरीज लक्षात ठेवणारा कारकून कल्पा. कमी स्मृतीच्या अशा कारकुनांसाठी नोआम निसान यांचा जनरेटर १९९० च्या सुमारासच तयार होता. अडचण अशी की बेरजेच्या किमती असंख्य असू शकतात, मग स्मृती कमी कशी म्हणायची? मेका-झुकरमन यांचं निरीक्षण इथे कामी येतं: कारकुनाची बेरीज जितकी जास्त, तितकी ठराव मंजूर होण्याची शक्यता जास्त. या एकदिशा स्वभावामुळे जवळजवळ सारख्या शक्यतेच्या बेरजा एका खान्यात कोंबता येतात आणि थोडकेच खाने पुरतात. बीज उरतं लॉग न अधिक लॉग(१/त्रुटी) चा वर्ग, स्थिरांक सोडून. गोपालन, केन आणि मेका यांनी २०१५ मध्ये फूरिए रूपांतराच्या वाटेने ते लॉग(न/त्रुटी) च्या अगदी जवळ आणलं. त्याखाली जाता येत नाही.

पायरी ८: एक हाफस्पेस सोडून पॉलिटोप

आता एकाच सभेत क ठराव आहेत, प्रत्येकाची वजनं वेगळी, आणि सगळे मंजूर झाले तरच ‘हो’. क हाफस्पेसेसचा हा छेद म्हणजे पॉलिटोप. प्रत्येकाची चूक वेगळी मोजून बेरीज केली तर क हा गुणक कपाळी येतो. एक हजार बंधनं असतील तर पायरी ४ च्या हमीची किंमत शून्य.

पायरी ३ चं त्रिकूट काढा. प्रश्न दोन. पहिला, कडेचा पट्टा गाउशियनच्या नजरेत किती जड? क कडा आहेत म्हणून क पट वाटतं, पण नाझारोव्ह यांच्या प्रमेयानुसार ते वजन √(लॉग क) च्या प्रमाणातच वाढतं. कारण समजून घ्या: मध्याजवळून जाणाऱ्या कडा जड असतात, पण हजार कडा मध्याजवळ आणल्या तर त्या एकमेकींना छाटून टाकतात. दूरच्या कडा लांबलचक असल्या तरी तिथे घंटा विरळ. एक हजार कडांसाठी √(२ × स्वाभाविक लॉग १०००) सुमारे ३.७, हजार नव्हे.

दुसरा प्रश्न, घासलेल्या फलनाचे विकलज किती फुगतात? क उतारांचा साधा गुणाकार घेतला आणि अंदाज बेफिकिरीने बांधला तर चौथ्या विकलजांच्या बेरजेत क चा चौथा घात येतो. बेंटकस यांच्या पद्धतीने घासलं तर तिथेही लॉग क चे घातच राहतात. प्रल्हाद हर्षा (आता मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत), अ‍ॅडम क्लिव्हान्स आणि मेका यांनी २०१० मध्ये या दोन गोष्टी जोडून पॉलिटोपसाठीचं इन्व्हेरियन्स तत्त्व सिद्ध केलं: चुकीत क ऐवजी लॉग क चा ८/५ वा घात. त्याआधीच्या हमीत किमान क इतका गुणक असेच.

जनरेटर तोच, डब्यांचाच. फक्त आता एका डब्यात क वेगवेगळ्या बेरजा असतात आणि त्यांतल्या सर्वांत मोठीला आवर घालावा लागतो. त्यासाठी चौथा घात पुरत नाही, लॉग क च्या आसपासचे घात लागतात, म्हणून डब्यातलं स्वातंत्र्यही तेवढं वाढवा. डबे मोजताना लॉग क चे गुणक विसरू नका.

हे सगळं प्रत्येक ठराव रेग्युलर असेल तरच. नसेल तर पायरी ६ इथे अडते: हजार ठरावांची हजार डोकी, प्रत्येकाचे दांडगे भागधारक निराळे. सगळ्यांची डोकी एकत्र केली तर क × ल भागधारक होतात, आणि तेवढं स्वातंत्र्य विकत घेतलं की बीजात पुन्हा क शिरतो. शेपट्याही एकमेकांत गुंतलेल्या, एकाचं डोकं दुसऱ्याची शेपटी. ही गाठ ओ’डॉनेल, सर्व्हेडिओ आणि ली-यांग टॅन यांनी २०१९ मध्ये सोडवली. ±१ च्या बिंदूंपैकी पॉलिटोपच्या कडेलगतच्या पट्ट्यात किती अडकतात याची हमी त्यांनी थेट दिली, म्हणजे गाउशियनकडे न वळता पट्ट्याचं वजन मोजता आलं. त्यांचं बीज लॉग न गुणिले लॉग क आणि १/त्रुटी यांची एक बहुपदी. त्यातला १/त्रुटी चा भाग लॉगमध्ये उतरलेला नाही; क = १ असताना तो पायरी ७ मध्ये उतरला होता, आणि तिथे कामी आलेली कारकुनाची एकदिशा युक्ती क बेरजा एकदम सांभाळताना हातात राहत नाही.